पेशंटचं पुढे काय झालं?

सोमवारी तुम्ही अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स म्हणून रुजू होताय. त्याआधीची कितीतरी वर्षं अँब्युलन्सच्या मागच्या बाजूला, हलत्या बाकावर गेली. मग वयाने लहान मुलामुलींच्या शेजारी बसून तीन वर्षांचं जी.एन.एम. केलंत, कारण आपल्याकडे रस्त्यावरच्या अनुभवाला नर्सिंगच्या अभ्यासक्रमात कसलीही सूट नाही. बेड कसा अंथरायचा इथपासून सगळं पहिल्यापासून. मला ही व्यवस्था अन्यायाची वाटते. तरीही तुम्ही ते पूर्ण केलंत, याचं मोल म्हणूनच जास्त आहे.

हे सगळं कशासाठी, असं घरचे विचारतात तेव्हा तुम्ही पाठदुखीचं आणि पगाराचं कारण पुढे करता. ते खोटं नाही, पण खरं कारण गाडीवर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. कॅज्युअल्टीत स्ट्रेचर रिकामं झालं, कागदावर सही मिळाली, गाडी पुसून काढली की पेशंट आपल्यापुरता संपतो. घाटात ट्रकखाली सापडलेला तो मुलगा जगला का? छातीवर दाब देत देत आणलेल्या त्या आजोबांना घरी सोडलं का? विचारायला वेळ नसतो, कारण पुढचा कॉल आलेला असतो. पुढे काय झालं, हे कळावं म्हणून तुम्ही नर्स झालात.

तेव्हा सोमवार उजाडायच्या आत माझ्याबरोबर चला. ज्या खोलीत तुम्ही शिरणार आहात ती कुणी उभी केली ते बघून येऊ.

कोपनहेगन, १९५२. ऑगस्ट संपत आलाय. ब्लेगडॅम हे साथीच्या रोगांचं रुग्णालय, आणि पोलिओची अशी लाट आली आहे की एकेका दिवशी पन्नासपर्यंत पेशंट दाखल होताहेत. वॉर्डात पाऊल टाकताच तुमची नजर सवयीने ऑक्सिजन सॅच्युरेशनचा आकडा शोधते. तो नाही. बोटाला लावायच्या त्या यंत्राची कल्पना जपानमध्ये टाकुओ आओयागी मांडतील, त्याला अजून वीसेक वर्षं आहेत. अख्ख्या रुग्णालयात एक लोखंडी फुफ्फुस आणि छातीवर कवचासारखी बसवायची सहा श्वसनयंत्रं. पहिल्या तीन आठवड्यांत श्वासाचे स्नायू गेलेल्या ३१ जणांना या यंत्रांवर ठेवलं. त्यातले २७ दगावले.

का दगावले ते तुम्ही एका खाटेशी उभं राहिलात तरी कळेल. घशाचे स्नायू गेल्यामुळे मुलाला स्वतःची लाळ गिळता येत नाही. ती घशात साचते, तिथून फुफ्फुसात उतरते. यंत्र छाती वरखाली करत राहतं, पण आत हवेची वाट बुजलेली. तुम्हाला घुरघुर ऐकू येते आणि हात आपोआप सक्शनकडे जातो.

विभागप्रमुख हेन्री लासेन यांच्यासमोर प्रयोगशाळेचे कागद आहेत. रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं आहे, म्हणून रक्त अल्कधर्मी झालंय असा समज. मोगेन्स ब्योर्नेबो हे तरुण सहकारी सुचवतात की एका भूलतज्ज्ञाला बोलवावं. संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डात भूल देणाऱ्याचं काय काम, हा प्रश्न त्या काळी कुणालाही पडला असता. ब्योर्न इब्सेन येतात, पेशंट बघतात, गेलेल्यांची फुफ्फुसं बघतात आणि म्हणतात, हा कार्बन डायऑक्साइड साचलाय. ही मुलं पोलिओने जात नाहीयेत, श्वास अपुरा पडून जाताहेत. ऑपरेशनच्या टेबलावर आम्ही करतो तेच इथे करू. गळ्यात भोक पाडून नळी घालू आणि हाताने श्वास देऊ.

२७ ऑगस्टला तुम्ही त्या खोलीच्या कोपऱ्यात उभे असता. खाटेवर बारा वर्षांची मुलगी आहे, हातपाय लुळे, घामाने चिंब. अशा घामाचा अर्थ तुम्हाला सांगावा लागत नाही. गळ्यात नळी बसते. इब्सेन पिशवी दाबतात आणि ती दबत नाही. मुलगी तडफडते, श्वासनलिका आवळलेल्या आहेत, हवा आत जायलाच तयार नाही. बघायला जमलेले डॉक्टर एकेक करून बाहेर पडतात. खोली रिकामी होते.

मग इब्सेन पेंटोथॉल हे भुलीचं औषध देतात. तिचं शरीर ढिलं पडतं, तडफड थांबते, आणि त्याच क्षणी त्यांच्या तळहाताखाली पिशवी मऊ होते. हे तुम्ही लांबून बघूनही ओळखता, कारण घट्ट पिशवी आणि सैल पिशवी यांतला फरक तुमच्या मनगटात कायमचा बसलेला आहे. छाती उचलली जाते. चिकट स्राव ओढून काढले जातात. पुढच्या तासांत तिचा रंग परततो. तिला पुन्हा कवचाच्या यंत्रावर ठेवून बघतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड पुन्हा चढतो, हाताने श्वास दिला की पुन्हा उतरतो. आता वाद घालण्यासारखं काही उरत नाही. ती मुलगी जगली.

पण हाताने श्वास द्यायचा म्हणजे कुणाच्या हाताने? एका वेळी सत्तर-सत्तर पेशंट, दिवसरात्र. विद्यापीठातून वैद्यकीय आणि दंतवैद्यकीचे विद्यार्थी बोलावले जातात. साथ ओसरेपर्यंत सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. त्यातली एक पाळी तुम्ही घ्या. स्टूल ओढा आणि बसा.

पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही फार जोरात आणि फार भरभर दाबता. गाडीवरची सवय आहे ती, पुढच्या वळणावर रुग्णालय येणार असल्याची. इथे वळण येत नाही. तास जातो, दुसरा जातो. समोरचा मुलगा जागा आहे, तुमच्याकडे बघतोय. त्याला बोलता येत नाही, कारण हवा गळ्यातूनच परतते. श्वास कमी पडला की त्याच्या भुवया उंचावतात, जास्त झाला की तो डोळे मिटतो. तुम्ही त्याच्या चेहऱ्यावरून पिशवी दाबायला शिकता. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच खाटेशी पाळी लागते आणि तो तुम्हाला ओळखतो.

रात्री दिवे मंद करतात. एखादा पेशंट अंधारातच जातो, आणि पिशवी दाबणाऱ्याला ते लगेच कळतही नाही, कारण छाती तशीच वरखाली होत असते. ज्याला काल गोष्ट वाचून दाखवली त्याच्या खाटेशी सकाळी कुणी सांगतं की आता दाबू नकोस. तुमच्या जुन्या नोकरीत माणसं तुमच्यासमोर गेलेली आहेत. पण ओळख झाल्यावर गेलेलं माणूस हे वेगळं दुःख असतं, आणि सोमवारपासून ते तुमच्या वाट्याला येणार आहे. त्याची तयारी कुठल्याच अभ्यासक्रमात करून घेत नाहीत.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात याच शहरात, कोम्यूनहॉस्पिटलमध्ये, इब्सेन एक खोली मागून घेतात. शिकाऊ नर्सेसचा वर्ग भरायचा ती खोली. तिथे खाटा लागतात आणि प्रत्येक खाटेला एक नर्स, चोवीस तास. जगातला पहिला अतिदक्षता विभाग म्हणून वैद्यकाचा इतिहास याच खोलीकडे बोट दाखवतो. नर्सिंगच्या वर्गात तो सुरू झाला हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटतं. इब्सेनना तिथे आधी यंत्र नको होतं. जागचं न हलणारं माणूस हवं होतं.

आता अटलांटिक ओलांडा. पिट्सबर्ग, १९६६. एका सभेत माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स कोसळतात आणि त्यांना पोलिसांच्या गाडीतून रुग्णालयात नेतात, कारण शहरात आजारी माणसाला न्यायची तीच रीत आहे. मागे पेशंट एकटा, पुढे दोन पोलीस. काही दिवसांनी ते जातात. त्याच वर्षी याच शहरातल्या पीटर साफर या भूलतज्ज्ञाची लहान मुलगी दम्याच्या झटक्यात गेलेली आहे. तोंडाने श्वास द्यायची रीत शास्त्राने सिद्ध करणाऱ्यांपैकी एक असलेले हे साफर. १९५८ मध्ये बाल्टिमोरला चोवीस तास डॉक्टर असलेला अतिदक्षता विभाग उभा करणारेही तेच. रुग्णालयाच्या आत काय होऊ शकतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि म्हणूनच बाहेर काय होत नाही हेही.

हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत फ्रीडम हाउस नावाची संस्था आहे. १९६७ मध्ये तिथली माणसं, ज्यांना शहर नोकरीच्या लायकीचं समजत नव्हतं, साफर यांच्या वर्गात बसतात. सुमारे तीनशे तासांचा अभ्यासक्रम. शरीररचना, शरीरक्रिया, छातीवरचे दाब, गाडी सांभाळून चालवणं आणि नर्सिंग. हो, नर्सिंग. आजच्या पॅरामेडिकच्या या पूर्वजांना पेशंट उचलण्याबरोबरच त्याची शुश्रूषाही शिकवली होती. दोन खात्यांमधली भिंत नंतर बांधली गेली.

त्यांच्या अँब्युलन्समध्ये बसा. मागच्या बाजूला तुमच्या ओळखीची फुगरी पिशवी आहे, होल्गर हेसे आणि हेनिंग रुबेन यांनी डेन्मार्कमध्ये बनवून १९५६ साली बाजारात आणलेली, सोडली की आपोआप भरणारी. शेजारी जॉन मून. ते आधी रुग्णालयात ऑर्डर्ली होते. एक दिवस फ्रीडम हाउसचे दोघे पेशंट घेऊन आत आले, आणि त्यांचा सफाईदारपणा बघून मून यांनी ठरवलं की आपल्याला हेच करायचं. तुम्ही ज्या दाराने आत चाललाय त्याच दाराने ते बाहेर पडले. पुढे त्यांनी रस्त्यावर पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घातली, तेव्हा ते काम रुग्णालयाबाहेर करणारे जवळजवळ कुणीच नव्हते. १९७४ पासून डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय प्रमुख. त्याही अतिदक्षतेतूनच आलेल्या. त्या क्रूबरोबर गाडीत बसतात, रेडिओवर असतात, आणि या रस्त्यांवरच्या कामातूनच पॅरामेडिकांसाठीचं त्यांचं पाठ्यपुस्तक तयार होतं.

१५ ऑक्टोबर १९७५ ला शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडलं. नव्या सेवेत त्यातल्या अनेकांना टिकू दिलं नाही. ज्यांनी हे काम जगाला शिकवलं त्यांना बाजूला सारलं, याचा राग इतक्या वर्षांनीही येतो. मून टिकले आणि त्याच सेवेत सहायक प्रमुखपदापर्यंत चढले.

बस. आता परत या, विदर्भात, तुमच्या सोमवारी.

पहिले काही आठवडे अवघड जातात. गाडीवर तुम्ही अपुऱ्या माहितीवर दहा मिनिटांत निर्णय घ्यायचात आणि त्यात तुमचा हात कुणी धरत नसे. इथे दर तासाला लघवी मोजायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, तोंड स्वच्छ करायचं, डोकं तीस अंशांवर आहे ना बघायचं. हे काम तुम्हाला आधी किरकोळ वाटतं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला न्यूमोनिया याच किरकोळ कामांमधून होतो किंवा टळतो, हे ध्यानात यायला एक पेशंट पुरतो.

नॉरअॅड्रेनलीनची सिरिंज संपत आलेली असते. तुम्ही जुनी काढून नवी लावायला हात घालता.

"अहो, थांबा," इन्चार्ज सिस्टर म्हणतात. "घाई नाही. नवी दुसऱ्या पंपावर आधी चालू करा. तिचं औषध पोचायला लागलं, प्रेशर चढताना दिसलं, की जुनी थोडी थोडी खाली आणा."

औषध रक्तात काही मिनिटंच टिकतं. मधे खंड पडला तर प्रेशर धाडकन खाली येतं. तुम्ही दोन्ही पंपांवर बोटं ठेवून आर्टिरियल लाइनच्या रेघेकडे बघत राहता. मीन प्रेशर पासष्टच्या खाली जायचं नाही. नव्वद, ऐंशी, पंचाहत्तर, बहात्तर, इथे थांबतं. या पाच मिनिटांत बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडलेलं दिसत नाही, आणि तेच या कामाचं यश असतं.

कपाशीवर फवारणी चालू असते तेव्हाच्या एका रात्री खालून, कॅज्युअल्टीतून, फोन येतो. विषबाधेचा पेशंट. २०१७ ची यवतमाळची फवारणी इथल्या कुठल्याच स्टाफच्या विस्मरणात गेलेली नाही. फवारताना अंगावर आणि श्वासात गेलेल्या औषधाने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले होते आणि शेकडो आजारी पडले होते. पेशंट वर येतो. घाम, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत खरखर. उतारा म्हणून अॅट्रोपिन चालू आहे, डोस दर पाच मिनिटांनी दुप्पट होतोय. इतरांचं लक्ष मॉनिटरकडे असताना तुम्हाला वेगळंच आठवतं. शेताच्या बांधावर तुम्ही अशी माणसं उचललेली आहेत. तुम्ही दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला विचारता, "पाठीवरचा पंप गळत होता का?"

"गयेच जी तो," ती म्हणते. "शर्ट मागून ओलाच राहे."

कपडे खाली काढले होते, छाती आणि हात धुतले होते. पाठ कुणी वळवून धुतली नव्हती, केस नाहीत, नखं नाहीत. तुम्ही आणि वॉर्डबॉय मामा मिळून त्याला कुशीवर घेता. साबण, पाणी, पुन्हा साबण. ही गोष्ट कुठल्याही केसपेपरवर नव्हती, ती तुम्ही रस्त्यावरून घेऊन आलात. सकाळपर्यंत छाती कोरडी होते. अॅट्रोपिनचा परिणाम बाहुल्यांवरून ठरवायचा नसतो, फुफ्फुसांवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकायचा असतो, आणि तुम्ही ऐकता. दुसऱ्या दिवशी तो बोलतो, पाणी मागतो. जुन्या नोकरीत असतात तर या गोष्टीचा शेवट तुम्ही इथे गोड मानला असता.

तिसऱ्या दिवशी, पाठ पुसून देताना, तुम्ही त्याला म्हणता, "भाऊ, डोकं जरा उचला." तो प्रयत्न करतो. हनुवटी हलते, डोकं उशीवरच. काल तो मान उचलून दाराकडे बघत होता. सॅच्युरेशन सत्त्याण्णव आहे, नाडी ठीक आहे, मॉनिटरला काहीही दिसत नाहीये. तुम्ही सिस्टरांना हाक मारता.

निमल सेनानायके आणि लक्ष्मण करालिएद्दे या श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये हीच अवस्था मांडली होती. विषबाधेचा पहिला जोर ओसरल्यावर, साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान, मानेचे, खांद्यांचे आणि मग श्वासाचे स्नायू दुबळे पडतात. अॅट्रोपिनने ते सुधारत नाहीत. ताकद परत येईपर्यंत श्वास दुसऱ्या कुणीतरी द्यायचा, इतकाच उपाय. आधी मान जाते. जो उशीपाशी असतो त्यालाच ती दिसते.

त्याच दिवशी नळी घालावी लागते, आणि ती दम कोंडून निळा पडल्यावर घाईघाईने न घालता तयारीने घातली जाते. व्हेंटिलेटर जोडेपर्यंत पिशवी तुमच्या हातात. मोठ्यांच्या पिशवीत दीड लिटरच्या आसपास हवा मावते. उंचीवरून त्याचं वजन साठ किलो धरलं तर एका श्वासाला ३६० मिलीलीटर पुरतात. २००० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, फुफ्फुसं सुजलेल्या पेशंटना किलोमागे बाराऐवजी सहा मिलीलीटरने श्वास दिला तेव्हा मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आलं होतं. म्हणजे हात आवरला तेव्हा माणसं जास्त जगली. तुम्ही छाती जेमतेम उचलेल इतकंच दाबता आणि मग पिशवी पूर्ण भरू देता. दुसऱ्या बाजूला त्याचे डोळे उघडे आहेत. तुम्ही त्याला सांगता की ही ताकद परत येते, थोडे दिवस लागतात, आणि मी आहे. ड्युटी संपल्यावर हेच वाक्य तुम्ही हँडओव्हरमध्येही सांगता: पेशंट हलत नसला तरी त्याला सगळं ऐकू येतं, त्याच्याशी बोला.

दिवस जातात. एका सकाळी मान उशीवरून अर्धा इंच सुटते. आणखी काही दिवसांनी नळी निघते.

त्या आठवड्यात त्याला आणणारी गाडी पुन्हा कॅज्युअल्टीसमोर लागते. गाडीवरचा मुलगा चहा पीत बसलेला असतो. तुम्ही त्याला सांगता, फवारणीवाला तो, शुक्रवारी रात्री आणलेला, त्याला नळी लागली होती, ती निघाली, आता वॉर्डात गेला, भात खातोय. तो क्षणभर आठवत राहतो, मग चहा खाली ठेवतो.

"आम्ही आणला तेव्हा तर तो स्वतः श्वास घेत होता. मग नळी कशाला लागली?"

तुम्ही त्याला त्याच्याच स्ट्रेचरवर आडवा करता. डोकं उचल, म्हणता, आणि धरून ठेव. कपाळावर तळहाताने हलका दाब देता आणि पाचपर्यंत मोजता. हे दर काही तासांनी बघायचं, तीन-चार दिवस. एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवताना गाडीतही बघायचं. मग त्याची पाठ धुवायची राहिली होती तेही सांगता.

तो उठून बसतो. "आणि पाठ आम्हीच धुवायची का? गाडीत पाणी तेवढं नसतं."

"शेतावर विहीर असते, नाहीतर पंपात भरायला आणलेलं साध्या पाण्याचं पिंप. ग्लोव्हज घालून तिथेच धुवायचं, केसांसकट. पण श्वास घुसमटत असेल तर धूत बसायचं नाही, आधी श्वास. आणि कपडे गाडीत उघडे ठेवायचे नाहीत, पिशवीत घट्ट बांधायचे. तुम्हालाही बाधतं ते."

"औषधाची बाटली?"

"ती मात्र आणायची. लेबल फाटू देऊ नका."